डब्ल्यूपीएफमध्ये बटणाला कमांड जोडताना या चुका टाळा

डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोजवरचे प्रोग्राम लिहिण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीत, बटणाला कमांड (बटण दाबल्यावर चालणारे काम) जोडण्यासाठी झॅमल या मांडणीच्या भाषेतली एक ओळ पुरते, आणि ती ओळ चुकली तर कंपायलर बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. प्रोग्राम सुरू होतो, विंडो उघडते, बटण जागेवर दिसते. फक्त ते दाबल्यावर काही घडत नाही, नाहीतर ते राखाडी होऊन बसते. अशा वेळी लगेच कोड बदलायला घेऊ नये. बटण आधी नेमके कसे वागते आहे ते पाहावे, कारण चालू दिसणारे पण निष्क्रिय बटण, पहिल्यापासून बंद असलेले बटण आणि विंडोत दुसरीकडे क्लिक केल्यावरच जागे होणारे बटण यांच्यामागची कारणे अगदी वेगवेगळी असतात.

बटण चालू दिसते, पण काहीच करत नाही

बटणाच्या कमांड प्रॉपर्टीत नल (म्हणजे काहीच नाही) असेल तर डब्ल्यूपीएफ ते बटण बंद करत नाही, चालूच ठेवते. त्यामुळे बटण दाबता येते आहे आणि तरी एक्झिक्यूटमधला, म्हणजे कमांडचे काम करणाऱ्या फंक्शनमधला, ब्रेकपॉइंट लागत नाही, असे दिसले की बाइंडिंग (झॅमल आणि कोड यांची जोडणी) जुळलेलेच नाही असा पहिला संशय घ्यावा. नावातली स्पेलिंगची चूक हे यामागचे सर्वांत सरळ कारण आहे. त्याखालोखाल आढळणारी चूक म्हणजे कमांड पब्लिक प्रॉपर्टी म्हणून न देता फील्ड म्हणून ठेवणे. बाइंडिंगला साधे फील्ड दिसत नाही. तिसरी चूक जरा लपून राहते. व्ह्यूमॉडेल (विंडोची माहिती आणि कमांड ठेवणारा ऑब्जेक्ट) डेटाकॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे बाइंडिंग जेथे नावे शोधते त्या जागी, ठेवल्यानंतर, उदाहरणार्थ विंडोच्या लोडेड इव्हेंटमध्ये, कमांड तयार केली आणि प्रॉपर्टीचेंज्डची सूचना दिली नाही, तर बाइंडिंगने वाचलेला नल तसाच राहतो. कमांड कन्स्ट्रक्टरमध्येच तयार करावी आणि प्रॉपर्टीला सेटर ठेवू नये, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

नाव चुकले असेल किंवा कमांड फील्ड म्हणून ठेवली असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट खिडकीत एरर ४० ची ओळ उमटते. ती ओळ शेवटपर्यंत वाचावी, कारण कोणत्या नावाची प्रॉपर्टी कोणत्या क्लासच्या ऑब्जेक्टवर सापडली नाही हे तीत स्पष्ट लिहिलेले असते. नाव बरोबर आणि क्लास भलताच असेल, तर चूक स्पेलिंगची नसून डेटाकॉन्टेक्स्टची आहे. डेटाकॉन्टेक्स्टच नल असेल तर मात्र ही ओळसुद्धा येत नाही. तेव्हा त्या बाइंडिंगवर प्रेझेंटेशनट्रेससोर्सेसची ट्रेसलेव्हल हाय ठेवावी, म्हणजे बाइंडिंगने कुठे काय शोधले ते पायरीपायरीने दिसते.

ओळीतले बटण आणि उजव्या क्लिकचा मेनू

बिलांची यादी डेटाग्रिडमध्ये दाखवली आहे आणि प्रत्येक ओळीत ‘काढून टाका’ असे बटण आहे, असे समजा. डिलीटकमांड विंडोच्या व्ह्यूमॉडेलमध्ये असते, पण ओळीच्या टेम्प्लेटमध्ये डेटाकॉन्टेक्स्ट म्हणजे ते एकेक बिल असते, आणि बिलाच्या क्लासमध्ये अशी कमांड नसते. येथे रिलेटिव्हसोर्स वापरून डेटाग्रिडपर्यंत वर जावे, पाथमध्ये डेटाकॉन्टेक्स्ट आणि त्यापुढे डिलीटकमांड असे लिहावे, आणि कमांडपॅरामीटरला नुसते बाइंडिंग देऊन ते बिल पाठवावे. पाथमधला डेटाकॉन्टेक्स्ट हा शब्द विसरला, तर डिलीटकमांड खुद्द डेटाग्रिडवर शोधली जाते आणि व्ह्यूमॉडेलमधली कमांड मिळत नाही.

हीच युक्ती कॉन्टेक्स्टमेनूमध्ये जशीच्या तशी उतरवली की फसते. तो मेनू स्वतंत्र पॉपअपमध्ये उघडतो आणि विंडोच्या व्हिज्युअल ट्रीचा (घटकांच्या उतरंडीचा) भाग नसतो, त्यामुळे तेथून वर चढून विंडो किंवा डेटाग्रिड सापडत नाही. मेनू ज्या घटकावर उघडला तो प्लेसमेंटटार्गेटमध्ये मिळतो. म्हणून त्या घटकाच्या टॅगमध्ये विंडोचे व्ह्यूमॉडेल ठेवावे आणि मेनूआयटममधून कॉन्टेक्स्टमेनूपर्यंत जाऊन प्लेसमेंटटार्गेट, टॅग, कमांड असा पाथ द्यावा.

राखाडी बटण

सर्वांत जास्त वेळ येथे जातो, कारण कमांडची जोडणी बरोबर असूनही बटण चुकीचे वागते. कॅनएक्झिक्यूट, म्हणजे कमांड आत्ता चालवता येईल का हे सांगणारे फंक्शन, आपणहून सतत तपासले जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बटण ती विचारणा सुरुवातीला करते आणि त्यानंतर मुख्यतः कमांडने कॅनएक्झिक्यूटचेंज्ड हा इव्हेंट उठवल्यावर पुन्हा करते. अट बदलली हे बटणाला सांगण्याची जबाबदारी कमांडची आहे.

अनेक प्रकल्पांतल्या रिलेकमांडमध्ये (कमांड बनवण्यासाठी लिहिलेल्या क्लासमध्ये) हा इव्हेंट डब्ल्यूपीएफच्या कमांडमॅनेजरच्या रिक्वेरीसजेस्टेडला जोडलेला असतो. कीबोर्ड, माउस आणि फोकस यांची हालचाल झाली की तो उठतो, म्हणून वापरकर्ता काही टाइप करत असेपर्यंत सगळे सुरळीत दिसते. पण सर्व्हरकडून माहिती आली किंवा पार्श्वभूमीचे काम संपले, तर कोणतीही हालचाल झालेली नसते. बटण राखाडीच राहते आणि विंडोत कुठेतरी क्लिक केल्यावर एकदम चालू होते. अशा ठिकाणी काम संपताच इन्व्हॅलिडेटरिक्वेरीसजेस्टेड हे फंक्शन बोलवावे. कम्युनिटी टूलकिट या लायब्ररीच्या रिलेकमांडमध्ये ही आपोआप होणारी विचारणा नसतेच. तेथे अटीतली प्रॉपर्टी बदलली की नोटिफायकॅनएक्झिक्यूटचेंज्ड बोलवावे लागते. माझ्या मते ही दुसरी पद्धत अधिक चांगली आहे, कारण कोणते बटण कशामुळे चालू होते हे कोड वाचून कळते.

सूचना देऊनही बटण हलत नसेल, तर कमांडची प्रॉपर्टी कशी लिहिली आहे ते पाहावे. प्रॉपर्टीनंतर बाणाचे चिन्ह आणि पुढे थेट नवी रिलेकमांड असे लिहिले असेल, तर प्रत्येक वाचनाला नवीन ऑब्जेक्ट तयार होतो. बटणाने पहिला धरून ठेवलेला असतो आणि सूचना मात्र दुसऱ्यालाच मिळते.

सूचना कोणत्या थ्रेडवरून दिली जाते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. साध्या प्रॉपर्टीचा बदल दुसऱ्या थ्रेडवरून कळवला तरी डब्ल्यूपीएफचे बाइंडिंग तो यूआय थ्रेडवर (विंडो हाताळणाऱ्या थ्रेडवर) नेते. कमांडच्या बाबतीत ती सोय नाही, आणि दुसऱ्या थ्रेडवरून इव्हेंट उठवल्यास इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन येते.

रूटेडकमांडची, म्हणजे डब्ल्यूपीएफमधल्या कॉपीसारख्या कमांडची, गोष्ट निराळी आहे. तिच्यासाठी वरच्या कोणत्याही घटकावर कमांडबाइंडिंग (ती कमांड कोण हाताळते याची नोंद) सापडले नाही तर बटण पहिल्यापासून बंद असते. कॉपीचे बटण टूलबारमध्ये चालते आणि साध्या पॅनेलवर आणल्यावर राखाडी होते, ते टूलबारला स्वतःचे फोकस-क्षेत्र असल्यामुळे. पॅनेलवर त्याला कमांडटार्गेट म्हणून टेक्स्टबॉक्स द्यावा लागतो.

पॅरामीटर आणि असिंक काम

झॅमलमध्ये कमांडपॅरामीटर म्हणून लिहिलेला ५ हा आकडा कमांडकडे स्ट्रिंग म्हणून पोचतो, आणि पूर्णांकाची अपेक्षा करणारी कमांड तेथे कोसळते. डॉटनेट फ्रेमवर्कवर याशिवाय कमांड आधी आणि पॅरामीटर नंतर लिहिला तर पहिल्या विचारणेत नल येतो, म्हणून पॅरामीटर नेहमी आधी लिहावा.

एक्झिक्यूटमध्ये असिंक व्हॉइड लॅम्डा दिल्यास आतली चूक बोलावणाऱ्याच्या ट्राय-कॅचमध्ये सापडत नाही, ती थेट डिस्पॅचरवर (यूआय थ्रेडच्या कामांच्या रांगेवर) येते आणि तेथे हाताळली नसेल तर प्रोग्राम बंद पडतो. शिवाय पहिले काम संपण्याआधी वापरकर्त्याने पुन्हा बटण दाबले तर तेच बिल दोनदा जतन होऊ शकते. टूलकिटमधली असिंकरिलेकमांड सध्याच्या आवृत्त्यांत काम चालू असेपर्यंत बटण आपोआप बंद ठेवते. स्वतःची कमांड लिहिणाऱ्याने काम चालू असल्याची खूण ठेवावी, ती फायनली ब्लॉकमध्ये उतरवावी आणि दोन्ही वेळा कॅनएक्झिक्यूटचेंज्ड उठवावा. ती फायनलीबाहेर उतरवली, तर एकदा चूक झाल्यावर बटण विंडो बंद करेपर्यंत राखाडीच राहते.