टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उतरताना

सांबऱ्याच्या विमानतळावर टॉवरच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या, सूचना ऐकत शिकलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिकाऊ वैमानिकाला टॉवर नसलेल्या धावपट्टीवरची शांतता प्रथम जड जाते, कारण तेथे इतर विमानांपासून अंतर राखण्याची सारी जबाबदारी त्याच्यावरच असते.

साधारण दहा मैलांवरून ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आधी नीट ऐकावे. मग ठिकाणाचे नाव, आपले विमान, अंतर, उंची व हेतू सांगून शेवटी ठिकाणाचे नाव पुन्हा उच्चारावे. धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, म्हणजे सर्किटमध्ये, डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने), बेस (धावपट्टीच्या रेषेकडे आडवे) आणि फायनल (धावपट्टीच्या सरळ रेषेत, उतरताना) या प्रत्येक टप्प्यावरही बोलावे. मात्र उत्तर आले नाही म्हणजे आकाश मोकळे आहे, असे कधीही समजू नये. समोरच्या विमानात कदाचित रेडिओच नसेल.

सर्किटच्या वरून जाताना विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पाहावा. उसाचा पाला पेटवलेल्या शेतातला धूरही वाऱ्याचा अंदाज देतो. धावपट्टीवर गुरे किंवा कुत्री नाहीत ना, हे याच वेळी तपासावे.

सर्किट सामान्यतः जमिनीपासून 1,000 फुटांवर, डाव्या वळणांचे असते. आपल्या पठारावर, समजा धावपट्टी समुद्रसपाटीपासून 2,500 फुटांवर असेल, तर उंचीमापकावर 3,500 दिसले पाहिजे. हा हिशेब उड्डाणापूर्वीच कागदावर लिहावा.

सर्वांत मोठा धोका फायनलवर असतो. खाली पंख असलेल्या विमानातून खालचे आणि वर पंख असलेल्या विमानातून वरचे विमान दिसत नाही, म्हणून बेसवरून वळण्यापूर्वी फायनलचा संपूर्ण मार्ग डोळ्यांनी तपासावा, आणि जराही शंका आल्यास उतरणे सोडून पुन्हा वर जावे.