जैसलमेरला जाताय? मुक्काम किल्ल्याखाली करा

जैसलमेरला हॉटेल बुक करताना ‘किल्ल्यातली खोली’ मोहात पाडतेच. तरी मुक्काम खाली शहरातच करा, ही कळकळीची विनंती. रावळ जैसलने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर बांधलेल्या या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. पूर्वी पाणी खालून भरून आणावं लागे, त्यामुळे ते जपून वापरलं जाई. नळ आणि हॉटेलांची न्हाणीघरं आल्यावर सांडपाणी टेकडीत मुरू लागलं, खालची माती भुसभुशीत झाली आणि काही बुरूज ढासळले. आपल्या अंघोळीचं पाणी त्यात कशाला?

किल्ला बघायला मात्र सकाळी लवकर चढा. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ हे चार दरवाजे ओलांडून आतल्या दसरा चौकात पोहोचाल, तेव्हा ऊन कोवळं असेल. जैन मंदिरं पर्यटकांसाठी सहसा सकाळीच खुली असतात, म्हणून आधी तिकडेच वळा. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा, आत चालत नाही. तिथल्या पिवळ्या दगडातली तोरणं सावकाश बघा, नक्षी इतकी बारीक आहे की घाईत निम्मी निसटते. संध्याकाळी खाली शहरातल्या व्यास छत्री या जुन्या स्मारकांच्या जागेवरून अख्खा किल्ला सोनेरी झालेला दिसतो.