नेम कितव्या आठवड्यात सुटतो? वजन उतरवताना या चुका टाळा

वजन उतरवायचा नेम मोडला की माणूस सगळा दोष स्वतःच्या जिद्दीला देतो. जरा मागे जाऊन पाहिलं तर नेम मोडायच्या आधी काहीतरी ठरावीक घडलेलं असतं. काट्यावरचा आकडा हललेला नसतो, टाच दुखावलेली असते, संध्याकाळी सहाची भूक आवरलेली नसते, नाहीतर श्रावण लागलेला असतो. मन खचतं ते त्यानंतर. म्हणून दुरुस्तीही तिथेच करायला हवी. आतापर्यंत जेव्हा जेव्हा सुरुवात केली, तेव्हा नेम साधारण कितव्या आठवड्यात सुटला हे आठवा. चूक कुठे आहे ते त्यावरून बरंचसं कळतं.

पहिल्या दहा दिवसांतच सुटत असेल तर

व्यायामाची मात्रा जास्त झाली. पाडव्याला किंवा १ जानेवारीला नवे बूट येतात, पहिल्याच दिवशी तासभर चालणं होतं, वर पंचवीस सूर्यनमस्कार. तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक ताण आला की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ठणका २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो. म्हणजे उत्साह अगदी ताजा असतो त्याच दिवसांत अंग साथ देत नाही.

पहिला आठवडा रोज १५ मिनिटं चाला, आठवड्यातून सहा दिवस. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा, आठव्या आठवड्यात आपोआप ५० मिनिटं होतात. वेग असा ठेवा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. सूर्यनमस्कार चारपासून सुरू करा आणि आठवड्याला दोनपेक्षा जास्त वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आणि दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. तिथे दोन महिन्यांत पोहोचलात तरी चालतं, पहिल्या सोमवारी पोहोचायची गरज नाही.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही पोटऱ्या सारख्याच ठणकत असतील आणि जरा हालचाल केल्यावर सैल होत असतील, तर ते सवयीचं दुखणं आहे, हळू चालत राहा. एकाच गुडघ्यात कळ, सूज, किंवा सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होणं, हे वेगळं. टाचेचं कारण बहुधा बुटाचा झिजलेला तळवा, सिमेंटचा रस्ता आणि एकदम वाढवलेलं अंतर हे असतं. चपला किंवा सपाट तळव्याचे सँडल घालून रोज चालू नका.

तिसऱ्या आठवड्यात सुटत असेल तर

इथे बरीच माणसं गळतात आणि कारण बहुतेकदा वजनकाटा वाचण्यात असतं.

यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, धरून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की हा साठा आधी रिकामा होतो. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, घरात कौतुक होतं. ते मुख्यतः पाणी असतं. त्यानंतर खरी चरबी उतरायला लागते, आणि तिचा वेग पाहा: एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरींची तूट नेटाने ठेवली तरी आठवड्याला ४५० ग्रॅमच्या आसपास घट होते. उलट रात्री पापड-लोणचं झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वर जातं. आठवड्याभराची कमाई एका रात्रीच्या पाण्याखाली झाकली जाते.

एक उदाहरण पाहू. पहिल्या आठवड्यात सोमवार ते रविवार आकडे असे आले: ७४.२, ७४.९, ७४.०, ७३.८, ७४.६, ७४.३, ७३.९. दुसऱ्या आठवड्यात: ७३.९, ७३.५, ७४.४, ७३.७, ७३.४, ७३.८, ७४.१. फक्त रविवारी वजन करणाऱ्याला दिसेल की २०० ग्रॅम वाढले, आणि तो सोमवारी चालायला जाणार नाही. सात दिवसांची सरासरी काढली तर ७४.२ वरून ७३.८ झाली आहे, म्हणजे ४०० ग्रॅम उतरले. जसं व्हायला हवं तसंच चाललं होतं.

म्हणून वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कमीत कमी कपड्यांत करा. काटा कडक फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर आकडा चुकतो. आकडा वहीत लिहायचा आणि विसरायचा, रविवारी फक्त सरासरी पाहायची. रोज आकडा पाहून जीव खालीवर होणाऱ्यांनी वजन महिन्यातून दोनदाच करावं आणि कंबर मोजावी. फीत शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, आडवी सरळ, श्वास सहज सोडून झाल्यावर. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. पाळी येणाऱ्या बायकांनी या पाळीपासूनच्या दहाव्या दिवसाची तुलना गेल्या पाळीपासूनच्या दहाव्या दिवसाशीच करावी.

ध्येय ठरवताना किलोंपेक्षा कामं लिहा. 'महिन्यात चार किलो' हे आपल्या हातात नाही. 'आठवड्यात पाच दिवस चालणं आणि रोज दोन जेवणांत डाळ किंवा उसळ' हे आहे.

संध्याकाळी सहाला घात होतो

सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी-गाजर आणि एक पोळी, आणि सहा वाजता फरसाणाचा डबा. असं रोज होत असेल तर तो दिवसभराच्या उपासमारीचा परिणाम आहे. सकाळ-दुपारच्या खाण्यात प्रथिनं जवळपास नसतात, आणि प्रथिनांनी पोट जितका वेळ भरलेलं राहतं तितकं पोहे-उपम्याने राहत नाही. शिवाय आहार फार कमी केला तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि माणूस थकलेला, चिडचिडा होतो. अशा अवस्थेत व्यायामाची इच्छा कुठून येणार?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या व्यक्तीला ५४ ग्रॅम. वजन उतरवताना किलोमागे एक ग्रॅम धरलं तर बरं (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). हिशोब सोपा आहे: दोन अंडी १२ ग्रॅम, मटकी-मुगाची वाटीभर घट्ट उसळ ८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम, वाटीभर दही ५ ग्रॅम, दोन पोळ्या ६ ग्रॅम. पाणीदार आमटी मात्र डाळीत धरू नका. चार वाजता मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक घेतलं की सहाची लढाई बरीच सोपी होते. आधी हे दहा दिवस करून पाहा, मग ठरवा मन कमजोर आहे की नाही ते.

डोळ्यांनी मोजलेलं तेल

'मी काहीच खात नाही तरी उतरत नाही' असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. तेल, कूट आणि साखर ही 'खाणं' म्हणून मोजलीच जात नाहीत. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. बुधलीतून थेट कढईत ओतलेली फोडणी चार-पाच चमच्यांची कधी होते कळत नाही. रोजचं मोजण्यापेक्षा महिन्याचं मोजा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४५ कॅलरी झाल्या. तेच ३ लिटरवर आणलं तर माणशी २३ ग्रॅम. कुणाच्याही ताटातली पोळी न काढता रोजच्या १३५ कॅलरी वाचल्या.

चहाचंही तसंच. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम आणि १६० कॅलरी. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला तेवढ्या जाळायला ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने चाळीसएक मिनिटं चालावं लागतं. साखर एका दिवसात बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ रुळते.

उपासाला आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते उगीच नाही. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा मिळून एका भरल्या बशीत ४५० ते ५०० कॅलरी जातात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. वरीचा भात थोडाच, त्यावर दाण्याची पातळ आमटी, सोबत दही किंवा ताक आणि एखादं फळ हे जास्त वेळ टिकतं.

घाम म्हणजे चरबी नव्हे. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून किंवा उन्हात रेनकोट घालून पळणाऱ्यांचं जे वजन उतरतं ते तांब्याभर पाण्याने परत येतं, आणि एप्रिल-मेमध्ये हे जिवावर बेतू शकतं.

वेळ 'मिळाला तर'

'जमेल तेव्हा चालेन' हा नेम टिकत नाही, कारण रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो. नेम एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधा: सकाळचा चहाचा कप विसळून ठेवला की बूट घालायचे. मुलाची शाळेची बस गेली की तिथूनच वळसा मारायचा. ज्या बाईला सकाळी डबे करायचे आहेत तिने पहाटे उठायचा हट्ट धरू नये. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी ते सारखेच मोजले जातात. आणि झोप सहा तासांच्या खाली गेली तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, त्यामुळे झोपेतून वेळ चोरणं महागात पडतं.

सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे सांगितलं जातं आणि बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस निराश होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर हे तपासलं तेव्हा सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामाची सवय पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा उशिरा लागली. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा एक दिवस चुकला तर चुकू दे, सलग दोन चुकवू नका. फार वाईट दिवसासाठी किमान मात्रा आधीच ठरवून ठेवा: दहा मिनिटं, घरातल्या घरात.

भिंतीवरचं कालनिर्णय यासाठी चांगलं साधन आहे. झालेल्या दिवशी फुली मारा. आणि महिना सुरू होतानाच सण, लग्नं, प्रवास यांवर गोल करून ठेवा. त्या दिवशी पुरणपोळी खायचीच आहे तर ती सुखाने, तुपासकट खा, भात वगळा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या खाण्यावर या. प्रायश्चित्त म्हणून लंघन केलंत तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तुटून पडाल. जून ते सप्टेंबरसाठी पर्याय मे महिन्यातच ठरवा: जिना, सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा उठाबशा, भिंतीला टेकून जोर.

घरच्यांना 'मला वेगळं करा' असं सांगू नका, स्वयंपाक करणाऱ्या माणसावर भार पडतो आणि महिन्याभरात ते बंद होतं. तीच भाजी, तीच आमटी, फक्त ताटातलं प्रमाण बदला. दोन महिन्यांनी कुणीतरी 'चेहरा किती उतरलाय' म्हणेलच. चेहऱ्यावरची चरबी उतरलेली लवकर दिसते म्हणून, एवढंच.

तिसऱ्या महिन्यात वजन अडतं

आधी खात्री करा की ते खरंच अडलं आहे. साप्ताहिक सरासरी चार आठवडे हललेली नसेल तरच अडलं म्हणायचं. दहा किलो उतरलेल्या शरीराला रोज साधारण २०० ते २५० कॅलरी कमी लागतात, म्हणजे पहिल्या महिन्यात तूट पाडणारं ताट आता पुरेपूर झालं आहे. त्यातच हात हळूहळू सैल होतो. म्हणून क्रमाने तपासा: सात दिवस तेल, कूट, दाणे मोजून घ्या, शनिवार-रविवारचं खाणं लिहा, बसून राहण्याचे तास पाहा (व्यायाम करणारा माणूस दिवसाचा उरलेला वेळ नकळत जास्त बसतो), मग आठवड्यातून दोनदा स्नायूंचे व्यायाम घाला. एवढं करूनही आकडा हलेना, सोबत थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. पाळी अनियमित असेल, किंवा स्टेरॉइडसारखी औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. औषध मनाने थांबवू नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी किंवा चालणं वाढवण्याआधी औषधाची मात्रा बदलायची का ते डॉक्टरांना विचारायलाच हवं, नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

मोठा खंड पडला तर

ताप, परीक्षा, घरातलं लग्न, दिवाळी, तीन-चार आठवडे जातात. परत सुरू करताना जुन्या मात्रेवर उडी मारू नका. ४० मिनिटं चालत होतात तर २० ने सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत ४० वर या. बारा सूर्यनमस्कार होत असतील तर सहा. पहिले चार दिवस काट्यावर उभे राहू नका, फराळाच्या मिठासाखरेने धरलेलं पाणी तोवर निघून जातं. पाचव्या सकाळी वहीचं नवं पान उघडा, तारीख टाका आणि सात दिवसांच्या सरासरीची पहिली नोंद करा.