शाळेच्या वाटेवरचा सायकलींचा जथा : नेदरलँड्समध्ये आम्स्टलफेनला नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

घर लागलं, मुलांना शाळा मिळाली, सायकली आल्या, की लगेच कुणीतरी सुचवतं : आपली चार-पाच घरं एकाच वाटेवर आहेत, मुलांना एकत्रच नेऊ या. कल्पना उत्तम आहे. मुलं एकमेकांचं बघून लवकर शिकतात आणि प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाला रोज सकाळी निघावं लागत नाही. पण एकट्याने सायकल चालवणं वेगळं आणि अकरा सायकली सांभाळून नेणं वेगळं.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. जथा म्हणजे एक वाहन नव्हे. इथल्या कायद्यानुसार लष्करी ताफा आणि अंत्ययात्रा यांच्या मधून घुसता येत नाही. सायकलवरच्या मुलांच्या रांगेला असा कुठलाही हक्क नाही. पुढच्या माणसाने बघून रस्ता ओलांडला, तर तो फक्त त्याच्यापुरता ओलांडला. मागची मुलं मात्र मान वर न करता, पुढच्याच्या चाकाकडे बघत येत राहतात. नव्या गटांत धोका होतो तो इथेच, आणि चूक जवळजवळ नेहमी मोठ्यांची असते.

हिशेब करून बघा. आठ मुलं आणि तीन मोठे मिळून अकरा सायकली. एकेरी रांगेत प्रत्येकी चार मीटर धरले तर रांग ४४ मीटरची होते. ताशी १० किलोमीटरच्या वेगाने ती एका जागेवरून पुढे सरकायला १६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ३० ने येणारी गाडी सव्वाशे मीटरच्या वर अंतर कापते. म्हणजे पुढचा निघाला तेव्हा दिसतही नसलेली गाडी शेवटच्या मुलापर्यंत पोचते. म्हणून ओलांडायची रीत ठरलेली हवी. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ असते, तिला इथे ‘हायेनतांडेन’ म्हणजे शार्कचे दात म्हणतात. त्रिकोणांची टोकं आपल्याकडे असतील तर थांबून वाट द्यायची ती आपण. तिथे पुढच्याने थांबायचं आणि सगळ्यांना जवळ येऊ द्यायचं. मग दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला कायद्याची मुभा आहे, तिघांनी नाही. मागच्या मोठ्याने दोन्ही बाजू बघून ‘चला’ म्हटल्यावरच निघायचं. जोड्यांनी निघालं की रांग निम्मी होते आणि वेळही. मध्येच गाडी आली किंवा सिग्नल लाल झाला, तर उरलेल्यांनी थांबायचं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा : मागे राहिलात तरी कुणी सोडून जाणार नाही. हा भरवसा नसला की मूल घाबरून लाल दिव्यातून धावतं. पुढच्यानेही पलीकडे पोचताच ब्रेक लावू नये, २५-३० मीटर पुढे जाऊन थांबावं. नाहीतर शेपूट रस्त्याच्या मधोमध अडकतं.

तिघा मोठ्यांतला सर्वांत अनुभवी माणूस मागे हवा. आपल्याकडे उलट होतं, उत्साही माणूस पुढे आणि नवखा शेवटी. मागच्याला सगळं दिसतं, निघायचा आवाज तोच देतो. नवख्याला मधे ठेवा. लहान मुलाबरोबर मोठा माणूस शेजारी सायकल चालवत असेल तर त्याने रहदारीच्या बाजूला, म्हणजे मुलाच्या डावीकडे राहायचं. डच आई-बाबा मुलाच्या पाठीवर हात ठेवून चालवताना दिसतील. ते मुलाला ढकलत नसतात. वाऱ्यात मूल डगमगू नये म्हणून हात ठेवलेला असतो.

डावी-उजवी हा आपल्या डोळ्यांचा जुना घोटाळा आहे. भारतात रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायची सवय असते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. आपल्याकडे डावं वळण सोपं, कडेकडेने घ्यायचं. इथे डावं वळण म्हणजे समोरची रहदारी कापून जाणं. मुलं आठवड्यात बदलतात, मोठ्यांना महिने लागतात. म्हणून पहिले काही आठवडे डाव्या वळणावर उतरून, सायकल हातात धरून ओलांडा. खूण नसलेल्या साध्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, मग ती सायकल असली तरी. ट्रामला मात्र नेहमीच वाट द्यायची, आणि तिचे रूळ काटकोनात ओलांडायचे. तिरकं गेलात तर चाक खाचेत बसतं.

फीट्सपाडच्या, म्हणजे सायकलींच्या वेगळ्या वाटेच्या, मधोमध गाड्या अडवायला रोवलेले बुटके खांब हा जथ्याचा खास शत्रू आहे. एकट्याला ते दुरून दिसतात. रांगेतल्या तिसऱ्या मुलाला पुढच्याची पाठ दिसते, आणि पाठ बाजूला सरकली की समोर एकदम खांब. पुढच्याने दहा-पंधरा मीटर आधी ‘खांब!’ म्हणून ओरडायचं आणि प्रत्येकाने तो शब्द मागे पोचवायचा. ‘समोरून’, ‘मागून’, ‘थांबा’ हे आणखी तीन शब्द पुरे.

आता सायकलीची मापं. कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, सायकल मात्र तशी कधीही घेऊ नये. दोन वर्षं पुरेल म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला १६ इंचीऐवजी २० इंची सायकल दिली की पाय टेकत नाहीत. अडीच किलोमीटरच्या वाटेत दहा-बारा वेळा थांबावं लागतं आणि मूल पडतं ते थांबतानाच. एक पडलं की मागची दोन त्याच्यावर. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही एकच कसोटी. पैसे वाचवायचे तर मार्कटप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर किंवा २७ एप्रिलच्या राजादिनाच्या बाजारात जुनी सायकल घ्या, मुलांच्या सायकली तिथे स्वस्त मिळतात. रस्त्यात कुणी २०-३० युरोला सायकल देऊ केली तर घेऊ नका. ती बहुधा चोरीची असते आणि चोरीचा माल घेणं हा गुन्हा आहे.

डबलसीटची सवयही सोडा. आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय यांना आधार देणारी सीट हवीच. नुसत्या कॅरिअरवर बसवलं की पाय स्पोकमध्ये जातो, आणि घोट्याची ही दुखापत फार वाईट असते. मागच्या सीटची मर्यादा साधारण २२ किलो असते. कॅरिअरवर कोरलेला आकडाही वाचा. ओढणी असेल तर मागच्या चाकाला जाळी किंवा पडदा लावून घ्या.

मुलांच्या चुकीने होणाऱ्या नुकसानीसाठी एव्हीपी नावाचा विमा पहिल्याच आठवड्यात काढा. महिन्याला काही युरो लागतात. चौदा वर्षांखालच्या मुलाने कुणाच्या गाडीला ओरखडा काढला तर भरपाई पालकांना द्यावी लागते. अनेक घरं आरोग्य विमा काढून थांबतात आणि पहिल्या ओरखड्याचं बिल खिशातून भरतात.

वेळेबद्दल स्पष्ट लिहितो. शाळा साडेआठला असेल तर पहिला थांबा ७:५५ला, आणि ७:५७ला निघायचं. ‘पाच मिनिटांत आलोच’ असा निरोप आला तरी थांबू नका. एका घरासाठी थांबलात की आठवडाभरात सगळेच उशिरा येतात. थांब्याची जागा फीट्सपाडवर नको. आपली मंडळी गप्पांच्या नादात वाट अडवून उभी राहतात, मग कुणी डच माणूस घंटी वाजवून फटकळपणे बोलतो आणि मनाला लागतं. वाट अडलेली असते म्हणून तो बोलतो. बाजूला व्हा. नवी वाट रविवारी सकाळी मुलांसकट एकदा चालवून बघा आणि घड्याळ लावा.

डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊनंतर उगवतो, म्हणजे शाळेची वाट अंधारातच. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा आणि मागे लाल, दोन्ही स्थिर. लुकलुकणारे चालत नाहीत. मागचा दिवा रेनकोटखाली झाकला गेला नाही ना, हे मागच्या माणसाने निघण्याआधी बघावं. जादा दिव्यांची एक जोडी त्याच्याच पिशवीत असू द्या.

मुलं सोडून पुढे आम्स्टरडॅमच्या झाउद स्टेशनकडे ऑफिसला जाणाऱ्यांनी सायकल ट्रेनमध्ये नेण्याचा बेत करू नये, सकाळी साडेसहा ते नऊ ती चालत नाही. घडीची चालते. ऑफिसकडे सायकलभत्ता मागा, किलोमीटरमागे ठरावीक रकमेपर्यंत तो करमुक्त असतो (२०२४मध्ये ०.२३ युरो). इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी मुलांबरोबर असताना मोटर बंद ठेवावी, जथ्याचा वेग सर्वांत लहान मूल ठरवतं.

बुधवारी बऱ्याच शाळा दुपारीच सुटतात. परतीची पाळी कुणाची, हे सोमवारीच लिहून ठेवा.