रोजच्या गाडीचा पातळ रंग जपताना

कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जेमतेम ३५ ते ५०. पॉलिश खातं ते यातूनच. म्हणून मी गाडी सावलीत, पत्रा गार झाल्यावर धुते, क्ले (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवते आणि आधी वीतभर जागेवरच पॉलिश करून बघते: ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं यंत्र), मऊ फोम पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश. चमक आली की थांबते. बॉनेटच्या कडा, दाराची धारदार रेघ यांवर मास्किंग टेप हवीच, तिथे रंग लवकर उडतो. नख अडकणारा ओरखडा मी तसाच ठेवते. त्याच्या नादात क्लिअर कोट गमवायचा नाही. शेवटी सीलंट, म्हणजे रंग जपणारा लेप. पक्ष्याची घाण मात्र लगेच भिजवून अलगद उचला, घासू नका.