पाच गिअरचा बॉक्स बसवला, आता डिफरन्शिअल कोणते ठेवायचे?

एमजीए ही १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली स्पोर्ट्स कार. तिचा चार गिअरचा बॉक्स काढून फोर्ड सिएराचा पाच गिअरचा ‘टाइप ९’ बसवणे तिकडे चांगलेच रुळले आहे. बॉक्स बसला की पुढचा मोह होतो: डिफरन्शिअलही (शाफ्टचे फेरे कमी करून मागच्या चाकांना देणारा गिअरसंच) बदलू, हायवेवर इंजिन आणखी शांत चालेल. त्याआधी थोडे मोजमाप करा.

पहिली पायरी, गाडीत आत्ता काय आहे ते पाहा. मधल्या साठ वर्षांत कुणी काय बसवले असेल, सांगता येत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचे एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला ठेवा. उचललेले चाक बरोबर २० वेळा फिरवा. सोबत्याने प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंतच्या लांब दांड्यावर) खडूची खूण करून फेरे मोजावेत. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असते, म्हणून क्राउन (डिफरन्शिअलमधला मोठा गिअर) १० फेरेच घेतो. शाफ्टचे ४३ फेरे भरले तर मूळचे ४.३ (क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.३ फेरे), ४१ भरले तर नंतरच्या मार्क २ चे ४.१, आणि जेमतेम ३९ भरले तर एमजीएनंतर आलेल्या एमजीबी गाडीचे ३.९०९.

दुसरी पायरी टायरची. चालक आत बसलेला असताना टायरवर आणि फरशीवर खूण करा, चाकाचा एक फेरा होईल इतकी गाडी ढकला, अंतर मोजा. १६५ आर १५ टायरला साधारण १.९६ मीटर येते.

आता गणित. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर. त्याला १.९६ ने भागा, मग डिफरन्शिअलने आणि गिअरच्या गुणोत्तराने गुणा. ४.३ वर चौथ्या गिअरला सुमारे ३,६५० आरपीएम येतात, तर पाचव्याला (०.८२) ३,०००. म्हणजे नव्या बॉक्सनेच साडेसहाशे आरपीएम कमी केले! ४.१ घातले तर पाचव्याला २,८५०, ३.९०९ घातले तर २,७००.

पण पहिला गिअर विसरू नका, माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो. टाइप ९ चा पहिला ३.६५, मूळ बॉक्सचा ३.६४, म्हणजे ४.३ ठेवले तर चढावर गाडी पूर्वीसारखीच उचलते. ३.९०९ घातले की प्रत्येक गिअरमध्ये नऊ टक्के ओढ जाते आणि घाटात क्लच रगडावा लागतो. शिवाय ते डिफरन्शिअल १,७९८ सीसीच्या, १४ इंची चाकांच्या एमजीबीसाठी होते. १,४८९ सीसीच्या इंजिनाला १५ इंची चाकांसह ते जड जाते. म्हणून लहान इंजिन असेल तर ४.३ च ठेवा, फार तर ४.१. एमजीबीचे इंजिन बसवले असेल तर मात्र ३.९०९ खुशाल घ्या.

बदलायचेच ठरले तर क्राउन आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) एकाच जोडीचे घ्या. वेगवेगळ्या जोड्यांचे दाते एकत्र केले तर घरघर सुरू होते आणि ते लवकर झिजतात. सुरुवातीच्या एमजीबीचा डिफरन्शिअलचा अख्खा गोळा मिळाला तर उत्तम, मात्र हाफ शाफ्टच्या (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) टोकाचे दाते आधी मोजून जुळवा.

शेवटी स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे ४.३ ला बरोबर असलेला काटा ३.९०९ वर खऱ्या १०० ला ९१ दाखवतो. तो दुरुस्त करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.