जुन्या टाटा 407 ट्रकने डिझेलच्या लाइनमध्ये हवा घेतली तर

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, शंभर पावलं जाते आणि फडफडून बंद पडते. परत सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही, आणि सायलेन्सरमधून धूरही निघत नाही. धूर नाही म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाही. टाकीत डिझेल आहे, इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण आत गेलेली आहे, एवढं बघून घ्या. मग समजा, लाइनने हवा घेतली, म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतच्या डिझेलच्या पाइपांत हवा शिरली.

माझी टाटा 407 आहे, 1994 ची. चार सिलिंडरचं 497 इंजिन, 2956 सीसी. येवल्याहून लासलगावला कांदा नेतो. या जुन्या इंजिनावर माझा जीव आहे, कारण साधा पाना हातात असला की ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतं.

आधी फिल्टरच्या आजूबाजूची माती फडक्याने पुसा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दीड आटा सैल करा आणि फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायची मूठ, मारत राहा. सुरुवातीला फेस येईल. फेस जाऊन डिझेलची सलग धार लागली की एका हाताने प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा; हात आधी थांबवला तर हवा परत आत जाते. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी. तसंच नोझलना डिझेल पुरवणाऱ्या मोठ्या पंपावरच्या स्क्रूचं करा. शेवटी प्रायमरची मूठ खाली दाबून आटे फिरवून बंद करा, बरेच जण हे विसरतात.

तरीही पकडत नसेल तर नोझलच्या टोकाचे पाइपाचे नट अर्धा आटा सैल करा, एक्सलेटर दाबून सेल्फ मारायला सांगा आणि डिझेल उसळलं की एकेक आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या. आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. ते डिझेल कातडी फोडून आत घुसतं, तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी थेट दवाखाना गाठा.

गाडी सुरू झाली, पण हवा शिरली कुठून ते शोधल्याशिवाय काम संपत नाही. फीड पंपाच्या पुढे लाइनमध्ये दाब असतो, तिथे फट पडली तर डिझेल टपकतं, डोळ्यांना दिसतं. टाकी ते फीड पंप या भागात मात्र ओढ असते. तिथली फट हवा आत घेते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. माझ्या गाडीला एका सिझनमध्ये हे तीनदा झालं. एका मिस्त्रीने पंप उतरवायचा सल्ला दिला होता. मी फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली, इंजिन चालू ठेवलं, तर नळीत बुडबुडे पळताना दिसले. टाकीजवळचा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. चिरलेला तुकडा कापून नवी क्लिप मारली, पंपाला हात लावला नाही.

डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट, म्हणजे बॅन्जो बोल्ट, खोलले तर त्यांचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवेच घाला. नवे नसतील तर जुने, गाडीपासून लांब, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि नीट बसतं. काम झालं की गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी प्रायमर न मारता सेल्फ द्या; सुरू होऊन चालू राहिली तर हवा शिरायची थांबली.